मागची पडवी कमी खर्चात नीटनेटकी करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

आडोसा:

घराच्या मागे ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद पडवी आहे. एका बाजूला घराची भिंत, बाकी तीन बाजू उघड्या. वर पन्हाळी पत्रा, तो दोन जागी ठिबकतो. खाली सिमेंटचा कोबा, त्यावरचा जुना हिरवा रंग पोपडे धरून निम्मा निघालाय. बाहेरच्या कोपऱ्यात ताटाएवढं डबकं साचतं. लोखंडी कठडा साधारण ५ मीटर, बुडाशी गंजलेला. पुढचे दोन खांब लाकडी, १० × १० सेंमीचे.

संध्याकाळी तिघा-चौघांना बसता यावं आणि थोड्या कुंड्या ठेवता याव्यात, एवढंच हवंय. नवं छप्पर किंवा टाइल बजेटात बसत नाहीत. हाताने काम करायची तयारी आहे, पण वेळ फक्त शनिवार-रविवारी. सध्याची यादी: जमिनीला इपॉक्सी रंग, नाहीतर प्लास्टिकचं हिरवं गवत, दिव्यांच्या माळा, लाकडी पॅलेटचं (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीचं) बाकडं. यात काय ठेवू, काय काढू, आणि आधी काय करू?

पागोळी:

इपॉक्सी आणि गवत, दोन्ही काढा. साधा इपॉक्सी उघड्यावर टिकत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो, मग खडूसारखी भुकटी सोडतो. बंद खोलीतली वस्तू आहे ती. गवताखाली पाणी अडकतं, शेवाळ धरतं आणि खालचा कोबा कधी वाळतच नाही. खराब जमीन झाकायला म्हणून लोक गवत घालतात आणि ती आणखी खराब करून घेतात.

क्रम वरून खाली: पत्रा, मग खांब-कठडा, जमीन सगळ्यात शेवटी. उलटं केलंत तर नव्या रंगावर गंजाचा कीस आणि प्रायमरचे थेंब पडणार.

ठिबकणं बहुतेक वेळा पत्र्याला पडलेल्या भोकातून नसतं, स्क्रूखालच्या रबरी वॉशरमधून असतं. वॉशर उन्हाने कडक होतो, त्याला चिरा जातात. जुना स्क्रू काढून त्याच भोकात त्याच जाडीचा नवा घातला तर तो सैल बसतो. ५.५ मिमीचा निघाला असेल तर ६.३ मिमीचा घ्या, ईपीडीएम (ऊन सोसणाऱ्या रबराच्या) वॉशरसकट. वॉशर धातूच्या टोपीखालून किंचित डोकावला की थांबा. बाहेर फुगून आला म्हणजे जास्त आवळला गेला, तो लवकर फाटणार. आणि ठिबकणारे दोनच बदलू नका. सगळे एकाच वयाचे आहेत, सगळेच बदला.

स्क्रू ठीक असूनही पाणी येत असेल तर दोन पत्र्यांचा सांधा बघा. तिथे पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं. वरून सिलिकॉनची रेघ ओढणं हा त्यावर इलाज नाही, ती एक-दोन उन्हाळ्यांत सुटते. सांध्यावरचे स्क्रू सैल करून दोन पत्र्यांच्या मध्ये ब्युटाइलची (मऊ रबराची) चिकटपट्टी घाला आणि परत आवळा. कुठे सिलिकॉन वापरावंच लागलं तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताचा लेप खातं. पत्र्याच्या मधोमध पाय देऊ नका. खाली आडवे पाइप आहेत त्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरूनच काम करा, आणि पत्रा ओला असताना वर चढूच नका.

डबक्याआधी ढाळ तपासा. २.४ मीटर रुंदीत घराकडून बाहेरच्या कडेपर्यंत २४ ते ३० मिमी उतार हवा, म्हणजे १०० ला १ ते ८० ला १. भिंतीपासून कडेपर्यंत दोरी लेव्हलमध्ये ताणा आणि दोन्ही टोकांना दोरी ते जमीन अंतर मोजा. उतार घराकडे असेल तर सांगा, मग गोष्ट वेगळी. बाहेरच्या बाजूला असेल तर डबकं म्हणजे नुसता खळगा, तो भरता येतो.

एक गोष्ट कुणी करत नाही. पत्र्याच्या पागोळ्या जिथे पडतात तिथली माती उडून कोब्याच्या कडेवर आणि खांबांच्या बुडावर बसते. त्या रेषेवर ३० सेंमी रुंद, १० सेंमी खोल चर काढून खडी भरा. ३ मीटरला साधारण ९० लिटर खडी लागेल, वजनाने दीडशे किलोच्या आतबाहेर. चिखल बंद होतो आणि खांब कोरडे राहतात. दिसायला रंगापेक्षा जास्त फरक पडतो तो याच पट्ट्याने.

गिलावा:

पागोळींशी सहमत. जमिनीपुरतं मी लिहितो.

रंग का निघतोय हे कळल्याशिवाय नवा रंग आणू नका. जाड पारदर्शक प्लास्टिकचा ४५ × ४५ सेंमीचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. निदान १६ तास ठेवा. जागा अशी निवडा की तिथे ऊन येत नाही, कारण तापलेल्या प्लास्टिकखाली चांगल्या जमिनीवरही कधी दव धरतं आणि अंदाज चुकतो. दोन तुकडे लावा, एक भिंतीजवळ आणि एक डबक्याजवळ, दोन्ही रंग निघालेल्या जागी. तुकडा काढल्यावर खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर ओल खालून येतेय. मग कितीही भारी रंग द्या, पोपडा धरणारच.

दुसरी चाचणी दांड्याची. हातोडीच्या लाकडी दांड्याने वीतभर अंतरावर ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे वरचा थर सुटलेला आहे, तो काढूनच टाकायचा.

खळगा भरण्याची रीत अशी. खळग्याच्या कडेने ग्राइंडरने ६ ते ८ मिमी खोल सरळ चौकट कापा आणि आतला पृष्ठभाग छिन्नीने खरबरीत करा. चौकट नसली तर मसाला कडेला शून्यावर येतो आणि तीच पातळ कड आधी तुटते. ६० × ६० सेंमीच्या खळग्याला १ किलो सिमेंट आणि ३ किलो बारीक चाळलेली वाळू पुरते. ते कालवायला एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारा दुधाळ द्रव) आणि पाणी समसमान, दोन्ही मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास. एकदम ओतू नका. गोळा हातात धरून राहील, पण घळघळणार नाही, इतपतच ओलं.

आता गडबड होते ती जागा. मसाल्याआधी लॅटेक्स आणि सिमेंटचा गाढा हात ओलसर कोब्यावर ब्रशने घासून लावायचा असतो. तो चिकट आहे तोवरच मसाला थापायचा. चहाला गेलात आणि तो वाळला, तर चिकटण्याऐवजी मध्ये गुळगुळीत पडदा तयार होतो आणि आख्खी थापी पुढे पापुद्र्यासारखी उचलली जाते. वाळलाच तर खरवडून नवा हात द्या, वाळलेल्यावर दुसरा हात चढवू नका. थापल्यावर सरळ पट्टी उताराच्या दिशेने ओढा, आडवी नाही. २४ तास ओलं पोतं, मग नुसती हवा. यावर रंग चार आठवड्यांनी. ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. म्हणून खळगा पहिल्याच शनिवारी भरून टाका आणि तो मुरतोय तोवर वरची कामं उरका.

केसाएवढ्या बारीक भेगा सोडून द्या. २ मिमीपेक्षा रुंद भेग असेल तर तिच्यावर आडवी पट्टी देऊन जिप्समचा छोटा गोळा चिकटवा आणि महिनाभर बघा. गोळ्याला तडा गेला तर भेग हलतेय, तिथे पीयू सीलंट (वाळूनही रबरासारखं लवचीक राहणारं भरण). नाही गेला तर वरचाच मसाला.

रंगाचा हिशेब: ७.२ चौरस मीटर. डब्यावर एका लिटरला ८-१० चौरस मीटर लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत जागेचं. खरबरीत कोब्यावर पहिला हात ६ चौरस मीटरच धरा. म्हणजे पहिल्याला १.२ लिटर, दुसऱ्याला ०.९. दोन लिटरचा डबा थोडक्यासाठी कमी पडेल. पहिल्या हातात डब्यावर सांगितलंय तेवढंच पाणी घालायचं, सहसा दहा टक्क्यांच्या आसपास. पाय घसरू नये म्हणून पहिला हात ओला असताना त्यावर बारीक कोरडी वाळू चाळणीने भुरभुरा, वाळल्यावर सुटी वाळू झाडा, मग दुसरा हात. चालायला २४ तास, जड सामान ठेवायला आठवडा.

झटपट:

इतकं कशाला? बाजारात फरशी धुवायचं ॲसिड मिळतं. ओता, घासा, तासाभरात जुना रंग आणि शेवाळ दोन्ही साफ.

गिलावा:

झटपट, ॲसिड सिमेंट खातं, रंग नाही. रंग तसाच राहतो आणि जिथे निघालाय तिथला कोबा खरवडून येतो. शिवाय त्या वाफेने शेजारचा लोखंडी कठडा दोन दिवसांत तांबडा होतो, आणि नीट धुतलं नाही तर क्षार कोब्यात मुरून राहतात. शेवाळाला ब्लीच पुरतं: एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, पंधरा मिनिटं, मग ताठ ब्रश आणि भरपूर पाणी. ब्लीच वापरलं त्या जागी ॲसिड अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. जुन्या रंगासाठी पत्र्याची खरवडणी आणि मग ६० नंबरचा पॉलिश पेपर. रंग किती जुना आहे ते माहीत नसेल तर तो कोरडा घासू नका, पाणी मारत घासा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट.

तारेचा ब्रश:

कठडा बुडाशीच गंजतो याचं कारण बूड जिथे कोब्यात शिरतं तिथे बारीक फट असते आणि तीत पाणी उभं राहतं. वरून कितीही रंगवा, गंज त्या फटीतून पुन्हा चढतो.

आधी प्रत्येक उभ्या पाइपाच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरने जोरात टोचा. आरपार गेला तर रंगाचं काम नाही, तिथे वेल्डिंगने तुकडा जोडून घ्या. टणक असेल तर सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, ८० नंबरचा पेपर, कडांना १२०. धूळ पुसून थिनरचा बोळा फिरवा. जिथे लख्ख लोखंड उघडं पडलंय तिथे त्याच दिवशी झिंक फॉस्फेट किंवा रेड ऑक्साइड प्रायमर. रात्रभर ठेवलंत तर दवाने परत गंजाची पातळ साय धरते आणि प्रायमर तिच्यावर बसतो. खाचाखोचांतला घट्ट गंज निघत नसेल तर तेवढ्यापुरता रस्ट कन्व्हर्टर. तो लख्ख लोखंडावर लावण्यात काही अर्थ नाही, त्याला गंजच लागतो. काळा पडून पूर्ण वाळला की प्रायमर.

प्रायमर वाळल्यावर बुडाभोवती पीयू सीलंटची गोल बांगडी घाला आणि ओल्या बोटाने बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाणी पाइपापासून लांब पळेल. मग इनॅमलचे दोन हात, पातळ. जाड एक हात दिला की कठड्याच्या खालच्या पट्टीवर ओघळ येतात आणि ते आतून ओले राहतात. ५ मीटरला अर्धा लिटर प्रायमर आणि एक लिटर इनॅमल उरून पुरेल. पोकळ पाइपात पाणी खुळखुळत असेल तर बुडापासून दोन बोटं वर ५ मिमीचं भोक पाडा. विचित्र वाटेल, पण आतलं पाणी बाहेर पडायला हवं.

लाकडी खांबांनाही तोच स्क्रूड्रायव्हर. टोक ५-६ मिमीपेक्षा खोल गेलं तर आत कुज आहे. किती जातं ते इथे लिहा, रंगाच्या आधी तो प्रश्न.

आडोसा:

सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं: उतार बाहेरच्या बाजूला २६ मिमी. प्लास्टिकचा भिंतीजवळचा तुकडा कोरडा, डबक्याजवळच्या तुकड्याखाली थेंब आणि काळा डाग, दोन्ही. डावा खांब टणक. उजव्याच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर ४ सेंमी आत गेला, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत मऊ आहे. हा खांब डबक्याच्याच कोपऱ्यात येतो. त्या बाजूची बागेची माती कोब्याच्या बरोबरीने आहे.

गिलावा:

मग उत्तर तुम्हीच दिलंत. माती कोब्याच्या बरोबरीने आली की तिच्यातलं पाणी कडेने आत शिरतं. ती कोब्याच्या वरच्या पातळीपासून १० ते १५ सेंमी खाली उतरवा. पागोळींचा खडीचा चर तिथूनच काढा, एका खोदाईत दोन कामं. दोन-तीन आठवडे कोरडी हवा मिळाल्यावर प्लास्टिकची चाचणी परत करा.

तरीही थेंब आले तर जमीन रंगवायचा विचार सोडा. जुना रंग खरवडून, धुऊन कोबा उघडाच ठेवा. वाटलं तर सिलिकेट डेन्सिफायर मारा. तो कोब्यात मुरतो, वर थर धरत नाही, त्यामुळे ओल अडत नाही आणि धूळही उठत नाही. वर पॉलिप्रॉपिलिनची विणलेली चटई, जी दर आठवड्याला उचलून झटकता येते. स्वच्छ राखाडी कोबा आणि एक चांगली चटई यात वाईट काही नाही. पोपडे धरलेल्या हिरव्या रंगापेक्षा हजार पटीने बरं, आणि सगळ्यात स्वस्तही हेच.

तारेचा ब्रश:

४ सेंमी म्हणजे १० सेंमीच्या खांबाचा जवळपास निम्मा गाभा गेला. हा खांब छप्पर धरून आहे, म्हणून लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणं नको. लांबी कुज झाकते, वजन घेत नाही.

कापायच्या आधी छपराला टेकू. खांबापासून हातभर अंतरावर फळीवर जॅकवाला टेकू उभा करून वरची तुळई २-३ मिमीच उचलायची. भार सुटला की बास. जास्त उचललंत तर पत्र्याचे स्क्रू ओढले जातात आणि गळती नव्याने सुरू होते. मग कुजलेल्या भागाच्या वर आणखी १५ सेंमी, टणक लाकूड लागेपर्यंत कापा. खालचा नवा तुकडा अर्ध्या-अर्ध्या जाडीच्या सांध्याने जोडा, सांधा ३० सेंमी लांब, आरपार १० मिमीचे तीन बोल्ट, एका रेषेत नकोत, आडवे-तिडवे. सांध्याची वरची कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, पाणी आत साचू देऊ नका. खाली लोखंडी बूट, जो लाकडाला कोब्यापासून २५ मिमी वर धरेल. कापलेल्या तोंडाला लाकूड-रक्षक भरपूर पाजा. लाकूड पाणी पितं ते याच तोंडाने, बाजूने नव्हे. बूट कोब्यात अँकर बोल्टने पक्का हवा, कारण वारा पत्र्याला वर उचलतो. खांब नुसता टेकलेला असून चालत नाही.

हे एकट्याने करू नका. टेकू धरायला दुसरा माणूस हवा. हात बसलेला नसेल तर बजेटातले पैसे सुताराला इथेच द्या, बाकी सगळं तुम्ही करू शकता.

टणक खांबाला जवसाचं तेल देणार असाल तर तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

निरगाठ:

दुरुस्तीचं सगळं आलंय, मी बसण्याचं लिहिते.

पॅलेटवर डागून उठवलेला शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णता देऊन जंतुरहित केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. शिक्का नसेल, तेलाचे डाग असतील तर तेही नको. १२०० × ८०० मिमीच्या युरो पॅलेटची उंची १४४ मिमी. तीन रचल्या की ४३ सेंमी, बसायला नेमकी. पण ८० सेंमी खोली बाकड्याला फार होते. पाठ टेकवली की पाय लोंबकळतात. एक तर पाठीमागे २५-३० सेंमी जाडीची उशी ठेवा, नाहीतर पॅलेट ५० सेंमीवर कापा. पॅलेट एकमेकींना स्क्रूने बांधा, नाहीतर वरची सरकते. आणि बुडाखाली रबराचे तुकडे द्या, खांबाला दिलेली शिक्षा बाकड्यालाही लागू. साधा फोम बाहेर ठेवू नका, तो पाणी पितो आणि आठवडाभर ओला राहतो. रोज आत नेणार नसाल तर झटपट निथळणारा फोम घ्या.

दिवे: माळांपेक्षा आधी भिंतीवर खाली प्रकाश टाकणारा एक दिवा, २७०० केल्विनचा (उबदार पिवळसर उजेडाचा). माळ हवीच असेल तर १२ किंवा २४ व्होल्टची. पत्र्याखाली आयपी४४ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) चालेल, कडेला आयपी६५. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, ते आधी बघा. माळ पत्र्याच्या स्क्रूला बांधू नका, २ मिमीची पोलादी तार ताणून तिच्यावर अडकवा. सौर दिवा घेणार असाल तर पॅनेल वायरीने वेगळं होणारा घ्या, पत्र्याच्या सावलीत तो चार्ज होत नाही.

कुंड्या: ३० लिटरची कुंडी पाणी घातल्यावर ३५-४० किलो भरते, म्हणून कठड्यावर फक्त छोट्या. तळाशी खडी घालू नका, त्याने निचरा सुधारत नाही, ओली माती उलट मुळांच्या आणखी जवळ येते. कुंडी २ सेंमी उंच ठोकळ्यांवर ठेवा. पडवीत थेट ऊन कमी असेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, नेफ्रोलेपिस फर्न, स्पायडर प्लांट. बशीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओता, डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवसच लागतात.

आडोसा:

आता क्रम असा लावलाय. पहिला शनिवार: माती उतरवणं, चर, खडी, खळगा. रविवार: पत्र्याचे सगळे स्क्रू. दुसऱ्या आठवड्यात सुतार बोलावून उजवा खांब. मग कठडा. पाचव्या आठवड्यात प्लास्टिकची दुसरी चाचणी, जमिनीचं तेव्हा ठरवू. गवत यादीतून गेलं. हे बरोबर आहे का?

तारेचा ब्रश:

दोन बदल करा. सुतार आधी, स्क्रू नंतर. टेकू लावून तुळई उचलली की पत्रा थोडा हलतोच, नवे आवळलेले स्क्रू पुन्हा सैल होतील. आणि उजव्या खांबाचा कोपरा आणि खळगा एकच असेल तर बूट बसवून झाल्यावरच खळगा भरा, नाहीतर अँकरसाठी ड्रिल मारताना ताजी थापी फुटेल. त्यासाठी सुतार पहिल्या शनिवारी मिळतो का बघा, माती आणि चर शुक्रवारी संध्याकाळी उरकता येईल. स्क्रू आणायला जाताना जुना एक खिशात टाका, लांबी त्याच्यावरून जुळवा, आणि मोजून होतील त्याहून दहाएक जास्त घ्या. पत्र्यावरून घरंगळलेला स्क्रू गवतात सापडत नाही.